युरियाच्या गोणीवरील ४६ आणि एकराचा हिशेब

केळझर (जि. वर्धा) : नागपूर-वर्धा मार्गावरील सिद्धिविनायकाच्या या गावाच्या परिसरात कपाशी, सोयाबीन आणि तूर ही खरिपाची प्रमुख पिके. खतांच्या शिफारशी हेक्टरी किलोत असतात. शेतकरी मात्र एकरात बोलतो आणि खत गोणीने विकत घेतो. या तीन मापांमध्ये गल्लत झाली, की खिशाला चाट बसतेच, शिवाय जादा नत्राने कपाशी नुसती माजते आणि मावा-तुडतुड्यांना आयते आमंत्रण मिळते.

युरियाच्या गोणीवर ‘नत्र ४६ टक्के’ असे छापलेले असते. हा आकडा कारखानदाराच्या मर्जीचा नव्हे. संयुग कोठेही व कसेही तयार होवो, त्यातील मूलद्रव्यांचे वजनी प्रमाण कायम राहते, हा स्थिर प्रमाणाचा नियम फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रूस्त यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडला. युरियाच्या ६० भाग वजनात कार्बन १२, ऑक्सिजन १६, हायड्रोजन ४ आणि नत्र २८ भाग असते. म्हणजे नत्र ४६.६७ टक्के, किंचित ओलावा व अशुद्धी धरून ४६. गोमूत्रातील युरियातही हेच प्रमाण आढळते. १०:२६:२६ सारख्या खताला मात्र हा नियम लावता येत नाही. ते अनेक संयुगांचे मिश्रण असून त्याचे प्रमाण उत्पादकच ठरवतो.

आता हिशेब. एक हेक्टर म्हणजे १० हजार चौरस मीटर, अर्थात २.४७ एकर. समजा, शिफारस हेक्टरी ६० किलो नत्र आणि ३० किलो स्फुरदाची आहे. एकरी नत्र २४.३ किलो झाले. त्याला ०.४६ ने भागले की युरिया सुमारे ५३ किलो. येथे ६० किलो नत्र म्हणजे ६० किलो युरिया, असा समज करून घेणे सर्वांत घातक. गोणीचे वजनही लक्षात घ्यावे लागते. पूर्वीची ५० किलोंची गोणी २०१८ पासून ४५ किलोंची झाली. त्यामुळे एका गोणीतील नत्र २३ किलोंवरून २०.७ किलोंवर आले.

स्फुरदासाठी डीएपी घेतल्यास गणित पुन्हा बदलते. त्यात स्फुरद ४६ आणि नत्र १८ टक्के. एकरी १२.१ किलो स्फुरदासाठी सुमारे २६.४ किलो डीएपी लागते आणि त्यासोबत पावणेपाच किलो नत्र आपोआप मिळते. ते वजा केल्यास युरिया ५३ ऐवजी साडेबेचाळीस किलो पुरतो. म्हणजे दुसरी गोणी फोडण्याची गरज उरत नाही.