ड्रायर फिरतोय, पण तापत नाही: मिस्त्रीला फोन लावायच्या आधी हे बघा

लाँड्रीच्या धंद्यावरच्या व्हिडिओत मी मशीन कुठलं घ्यावं, भाव किलोवर लावावा की नगावर, हे सगळं सांगितलं. पण जुना गॅस ड्रायर घेतला आणि तो ऐन जुलैत तापेनासा झाला, तर काय करायचं, हे राहूनच गेलं होतं. तेवढ्यात मुलुंड पूर्वेच्या एका ताईंचा फोन आला.

ताईंचं काम साधं आहे. तीन ब्युटी पार्लर आणि एका जिमचे टॉवेल सकाळी उचलायचे, संध्याकाळी कोरडे करून परत द्यायचे. भिशीच्या पैशातून त्यांनी बंद पडलेल्या एका हॉटेलचा दहा किलोचा ड्रायर घेतला होता. उन्हाळाभर मशीन छान चाललं. पावसाळा लागला आणि चाळीस मिनिटांचा लोड दीड तासावर गेला, मग एके दिवशी ड्रम नुसताच फिरायला लागला, आत गार वारा. मिस्त्री आला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "बोर्ड गेलाय, अठरा हजार." जिमवाल्याने तोवर सांगून टाकलं होतं, "उद्यापण ओले आले तर दुसरा माणूस बघतो."

मी त्यांना म्हटलं, ताई, पैसे देऊ नका अजून. मशीन चालू करा, पुढची खालची झडप उघडा आणि दोन मिनिटं नुसतं बघा आणि ऐका. हात घालायचा नाही.

तुम्हीही हेच करा. गॅस ड्रायर एका ठरलेल्या क्रमाने पेटतो. आधी पंखा हवा ओढायला लागतो. हवा नीट वाहतेय हे एक छोटा एअर स्विच ओळखतो. मग इग्नायटर लाल होतो किंवा टकटक ठिणगी पडते. मग गॅस व्हॉल्व्ह 'टक' करून उघडतो आणि बर्नर पेटतो. शेवटी ज्योतीत असलेली एक बारीक सळई बोर्डाला कळवते की ज्योत लागली. ती कळली नाही तर बोर्ड काही सेकंदांत गॅस बंद करतो. म्हणजे साखळी कुठे तुटतेय, ते तुम्हाला डोळ्यांनी आणि कानांनी कळू शकतं.

इग्नायटर लालच होत नाही, ठिणगीही नाही? मग संशय हवेवर आणि सुरक्षेच्या भागांवर. एअर स्विच लागत नसेल किंवा जास्त तापल्यामुळे लिमिट थर्मोस्टॅट वा थर्मल फ्यूज तुटला असेल.

इग्नायटर लाल होतो, पण ज्योत नाही? गॅस येत नाहीये. कॉक बंद आहे का, सिलिंडर संपलाय का, हे आधी बघा (हसू नका, मी स्वतः एकदा रिकाम्या सिलिंडरवर अर्धा तास घालवलाय). जुन्या मशीनमध्ये व्हॉल्व्हची कॉइल गरम झाली की दगा देते. सकाळचा पहिला लोड मस्त आणि नंतरचे गार, अशी तक्रार असेल तर कॉइल तपासायला सांगा. संपूर्ण बोर्डापेक्षा ते काम बरंच स्वस्त पडतं.

ज्योत लागते आणि लगेच विझते? ती सळई काजळली असेल. मशीन थंड करून, वीज आणि गॅस बंद करून कारागिराकडून ती बारीक पॉलिश पेपरने साफ करून घ्या. आणि इथे आपल्याकडची एक खास भानगड: अर्थिंग. ज्योत ओळखायला अगदी सूक्ष्म प्रवाह ज्योतीतून अर्थकडे जातो. दुकानाला अर्थिंगच धड नसेल किंवा प्लगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील, तर काही मशीनना समोर जळणारी ज्योत दिसतच नाही. जुन्या गाळ्यांमध्ये हे फार सापडतं. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मग बोर्ड बदला.

ताईंकडे इग्नायटर लालच होत नव्हता. जाळी त्या रोज साफ करायच्या. मग मी विचारलं, मागचा पाइप कुठे निघतो? "मागच्या गल्लीत, पोटमाळ्याच्या वर." शेजारच्या मुलाला शिडीवर चढवलं. पाइपच्या तोंडात कबुतराचं घरटं! त्याच्या आत कपड्यांच्या तंतूंचा हातभर लांब बोळा, दमट हवेने घट्ट झालेला. हवा कोंडली, मशीन जास्त तापलं, लिमिट थर्मोस्टॅट तुटला. घरट्यात अंडी नव्हती, नाहीतर ताईंनी त्याला हात लावू दिला नसता असं त्याच म्हणाल्या. पाइप साफ केला, थर्मोस्टॅट त्याच मापाचा नवा बसवला, पाइपच्या तोंडाशी झडपेची टोपी लावली. बारीक जाळी लावू नका, तिच्यावर तंतू साठतात आणि पुन्हा तेच.

एक गोष्ट मात्र कानाला खडा लावून ऐका. "थर्मोस्टॅट डायरेक्ट करून देतो, लगेच चालू होईल," असं कुणी म्हटलं तर त्याला हात जोडून परत पाठवा. तो भाग तुटतो तो आग लागू नये म्हणून. सुका तंतू म्हणजे कापूसच, आणि बाजूला ज्योत. पाइप दुकानाच्या आतच सोडणंही तसंच धोक्याचं. जळालेल्या गॅसचा धूर बाहेरच जायला हवा, शटर अर्धं ओढून काम करत असाल तर जास्तच.

ड्रायर चालू झाला, पण ताईंचा लोड तरी पंचावन्न मिनिटं घेत होता. दुपारनंतर ज्योत बारीक व्हायची. सिलिंडरला हात लावला तर बर्फासारखा गार, बाहेर पाणी सुटलेलं. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूप असतो. त्याची वाफ होताना उष्णता सिलिंडरच्या अंगातूनच ओढली जाते. लोडमागून लोड लावले आणि सिलिंडर अर्ध्याच्या खाली असला की तो थंड पडतो, दाब उतरतो. काही जण गरम पाण्यात सिलिंडर ठेवतात. अजिबात करू नका. एजन्सीच्या माणसाकडून दोन १९ किलोचे सिलिंडर एकत्र जोडून घ्या.

तुमच्याकडे महानगर गॅसची पाइपलाइन असेल तर सिलिंडरचा हा प्रश्न नाही, पण दुसरा आहे. एलपीजीच्या वाफेत तेवढ्याच आकाराच्या पाइप गॅसपेक्षा साधारण अडीचपट उष्णता असते, म्हणून दोन्हींचे जेट वेगळे. एलपीजीचा ड्रायर तसाच पाइपलाइनला जोडला तर ज्योत मरतुकडी. उलट केलं तर मोठी, काजळी धरणारी ज्योत, आणि ती धोक्याची. जुनं मशीन घेताना विचाराच: आधी कुठल्या गॅसवर होतं? जेट बदलणं, रेग्युलेटर लावणं हे अधिकृत माणसाचंच काम.

आता हिशेब, कारण आपण धंदा करतोय. एक लिटर पाणी उडवायला साधारण २.४ मेगाज्यूल लागतात, एक किलो एलपीजीत ४६ च्या आसपास असतात. जुन्या मशीनमध्ये निम्मी उष्णता वाया जाते असं धरा. म्हणजे किलोभर गॅसवर नऊ-साडेनऊ लिटर पाणी. दहा किलो टॉवेल चांगले पिळलेले असतील तर पाच लिटर पाणी उरतं, नीट पिळले नसतील तर आठ. पहिल्या हिशेबात १९ किलोच्या सिलिंडरवर चौतीस-पस्तीस लोड, दुसऱ्यात एकवीस-बावीस. बारा-तेरा लोडचा फरक, तोही ड्रायरला हात न लावता! ताईंच्या वॉशिंग मशीनचा स्पिन मंदावला होता, बेल्ट सैल. तो बदलल्यावर लोड चाळीस मिनिटांवर आला.

गॅसचा वास आला तर यातलं काहीच करत बसू नका. बटण चालू-बंद नको, दारं-खिडक्या उघडा, सिलिंडरचा कॉक बंद करा, बाहेर या आणि १९०६ या एलपीजीच्या आपत्कालीन नंबरवर फोन करा. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो. म्हणून पोटमाळ्यावर उभं राहून "वास नाही" म्हणू नका. रबरी नळीची गळती एरवी साबणाच्या फेसाने तपासायची, काडी पेटवून नव्हे.

ताईंनी आता ड्रायरच्या बाजूला एक वही टांगलीये. प्रत्येक लोडची वेळ, सिलिंडर कधी बदलला, पाइप कधी साफ केला. चाळीसच्या जागी पन्नास मिनिटं दिसली की त्या मिस्त्रीच्या आधी शिडी मागवतात. जिमवाला टिकलाय. चौथं पार्लर विचारतंय, पण त्यासाठी दुसरा ड्रायर लागेल. तो जुना घ्यायचा की नवा, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.