पाठमोऱ्या गाडीची करामत

जुन्या गाडीत बदल करण्याची मजल कुठवर जाते, ते पाहायचं तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय गाठा. तिथली रोल्स रॉइसची चिलखती गाडी मुळात सिल्व्हर घोस्ट, म्हणजे राजेरजवाड्यांची लाडकी! पहिल्या महायुद्धात अशा गाड्यांच्या चासीवर पोलादी पत्रे आणि फिरता बुरूज चढवला गेला. जुन्या गाड्यांचे शौकीन एवढं करत नाहीत. त्यांचा जीव अडकतो मागच्या बाजूला, टेललाइट आणि डिकीत.

1941च्या कॅडिलॅकमध्ये पेट्रोलचं झाकण शोधून सापडायचं नाही. डावा टेललाइट वर उचलला की त्याखाली झाकण! 1959च्या कॅडिलॅकच्या उंच शेपटांवर बंदुकीच्या गोळीसारखे दोन-दोन लाल दिवे आले, आणि हौशी मंडळींनी ते भलत्याच गाड्यांनाही बसवले.

1965च्या फोर्ड थंडरबर्डचा इंडिकेटर आतून बाहेर एकेक खाना उजळत धावायचा. गाड्यांत चिप नव्हती तेव्हा. हे काम एक छोटी मोटर करायची.

सगळ्यात हुशार टेललाइट मात्र लष्करी जीपचा. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी जीपला अंधारात शत्रूला न दिसता ताफ्यात चालायचं असे. म्हणून दिव्याला बारीक फटी ठेवल्या. दुरून त्यांचा उजेड एकत्र मिसळलेला दिसतो, साधारण 60 फुटांच्या आत गेलं की ठिपके सुटे होतात. ठिपके मोजा, अंतर कळतं!

आता ब्रेकच्या दिव्याचं बघा. ब्रेक दाबल्यावर साधा बल्ब पूर्ण उजळायला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो, एलईडी लगेच पेटतो. नगर-मनमाड रस्त्यावर ताशी 80 किलोमीटरने मागून येणारा तेवढ्यात जवळजवळ साडेचार मीटर पुढे आलेला असतो. माझ्या मते जुन्या गाडीत करण्याजोगा सर्वांत मोलाचा बदल म्हणजे एलईडी बसवणं. फक्त इंडिकेटरची उघडझाप करणारा फ्लॅशरही बदला. जुन्या फ्लॅशरमधली पट्टी बल्बच्या करंटने तापून टिकटिकते. एलईडीच्या इवल्याशा करंटने तिची लय बिघडते.

डिकीची फॅशन वेगळी. हँडल काढायचं, भोक बुजवायचं, आत विजेवर कुलूप ओढणारा सोलेनॉइड बसवायचा. बटण दाबलं की डिकी उघडी. पण बॅटरी डिकीतच असेल आणि ती उतरली तर? म्हणून जाणता कारागीर एक छुपी केबल हमखास ओढतो. आणखी एक केबल आतून हवी. 1998च्या उन्हाळ्यात अमेरिकेत डिकीत अडकून 11 मुलं दगावली. त्यानंतर हालचाल झाली आणि सप्टेंबर 2001पासून तिथल्या नव्या मोटारींच्या डिकीत आतून उघडण्याची, अंधारात दिसणारी सोय सक्तीची झाली.

आपल्याकडे 2021च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या मोटारीला ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले चालत नाहीत.

तेव्हा हौस जरूर करा, पण पत्रा कापू नका. मूळ भोकांत बसतील असेच दिवे घ्या, आणि काढलेले दिवे-हँडल भंगारात न घालता जपून ठेवा.