ब्राह्मीचा ग : एका अक्षराच्या दोन वाटा

खानापूर तालुक्यातल्या एका गावी आम्ही काहीजण देवळाजवळचा एक दगड बघायला गेलो होतो. वर सूर्य-चंद्र, मध्ये गाय-वासरू, म्हणजे दानाचा दगड. सूर्य-चंद्र असेपर्यंत हे दान चालावे, असा त्याचा अर्थ. खाली सात-आठ ओळी होत्या, पण कुणीतरी भक्तिभावाने दगडाला ऑइलपेंट फासलेला. जी अक्षरे दिसत होती ती जुन्या कन्नड वळणाची. बरोबर आलेल्या एका कॉलेजच्या मुलाने विचारले, "काका, म्हणजे हा दगड आपला नाही, त्यांचा?"

बेळगाव भागात हा प्रश्न नवा नाही. इथे पाटीवरच्या लिपीवरून माणसे भांडतात, मोर्चे निघतात. पण त्या मुलाला एका शब्दात उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेख.

आधी लिपी आणि भाषा वेगळ्या करू

भाषा बोलायची, लिपी लिहायची. आज आपण मराठी देवनागरीत लिहितो, पण सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी आपल्याच आजोबा-पणजोबांचे हिशेब आणि पत्रे मोडीत होती. भाषा तीच, लिपी दुसरी. आपल्याच तालुक्यातल्या हलशीला, म्हणजे कदंबांच्या पलाशिकेला, पाचव्या शतकाच्या आसपासचे ताम्रपट मिळाले. त्यांची भाषा संस्कृत आहे, लिपी दक्षिणी वळणाची. देवगिरीच्या यादवांचे कितीतरी लेख कन्नड भाषेत आहेत. विजयनगरच्या राजांनी ताम्रपटांसाठी नंदिनागरी वापरली, ती तर आपल्या नागरीची दक्षिणेतली बहीण. तेव्हा नुसती लिपी बघून "आपला-त्यांचा" ठरवायला गेलो तर फसगत ठरलेली.

मूळ कुठे?

नागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांचे मूळ एकच, ब्राह्मी. इ.स.पू. तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने देशभर खडकांवर आणि स्तंभांवर आज्ञा कोरवल्या, त्या बहुतेक ब्राह्मीत आहेत. आपल्या बाजूला मुंबईजवळ सोपाऱ्याला त्याचे तुकडे सापडले, पहिला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना. कर्नाटकात मस्की, ब्रह्मगिरी, सन्नती अशी ठिकाणे आहेत. मस्कीचा लेख १९१५ साली उजेडात आला आणि त्यात "अशोक" हे नाव स्पष्ट निघाले. एरवी हा राजा स्वतःला "देवांचा प्रिय" म्हणवून घेतो.

ब्रह्मगिरीच्या लेखात एक गंमत आहे. शेवटी चपड नावाच्या लेखकाची सही आहे. सगळा मजकूर ब्राह्मीत, डावीकडून उजवीकडे. पण "लिपिकराने" हा एक शब्द त्याने खरोष्ठीत लिहिला, उजवीकडून डावीकडे. खरोष्ठी ही वायव्येकडची, गांधार भागातली लिपी. बावीसशे वर्षांपूर्वी कर्नाटकातल्या एका खडकावर हा कारकून आपल्याला दोन लिप्या येतात हे दाखवून गेला!

ब्राह्मी स्वतः कुठून आली, यावर विद्वानांचे एकमत नाही. ब्यूलरसारखे अभ्यासक ती पश्चिम आशियातल्या सेमिटिक लिप्यांवरून घडली असे मांडतात, तर काहीजण ती इथेच घडली म्हणतात. सिंधू संस्कृतीची चिन्हे अजून वाचली गेलेली नाहीत. शिवाय ती आणि अशोक यांच्यात हजाराहून जास्त वर्षांचे अंतर आहे, त्यामुळे दोन्हींची गाठ मारणे अवघड. एक मात्र नक्की, मांडणी इथल्या उच्चारशास्त्राला धरून आहे. प्रत्येक व्यंजनात "अ" धरलेला, बाकी स्वरांसाठी अक्षराला छोटी रेघ जोडायची. आपली काना-मात्रा-वेलांटी ती हीच, आणि कन्नडची पद्धतही तीच.

विसरलेली लिपी परत कशी वाचली

पुढे अक्षरे बदलत गेली आणि मूळ ब्राह्मी वाचणारा कुणी उरला नाही. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे स्तंभ दिल्लीला आणवले, तेव्हा पंडितांनाही त्यावरचा मजकूर लागला नाही. १८३६ साली लासेन यांनी अगाथोक्लीस या ग्रीक राजाच्या नाण्यावरून काही अक्षरे ओळखली. नाण्याच्या एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी.

१८३७ साली कलकत्त्याच्या टांकसाळीतले अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांच्यापुढे सांचीच्या कठड्यांवरच्या छोट्या छोट्या लेखांचे ठसे आले. त्यांच्या लक्षात आले की बहुतेक लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो. आपल्या देवळाच्या पायरीवर, फरशीवर देणगीदारांची नावे असतात ना, तसेच हे असणार, असा त्यांनी तर्क केला. म्हणजे शेवटचा शब्द "दानं". त्याच्या आधी येणारे अक्षर "स", म्हणजे "अमक्याचे". द, न, अनुस्वार आणि स हाती आले, मग बाकीची कुलपे भराभर उघडली. राजाच्या मोठ्या लेखांनी दिली नाही ती किल्ली साध्या माणसांच्या देणगीच्या ओळींनी दिली.

आता पाटीकडे बघा

ब्राह्मीचा "ग" अगदी सोपा आहे, घराच्या छपरासारख्या दोन तिरक्या रेघा, वर टोक. उत्तरेत त्याची उजवी रेघ सरळ दांडा झाली, डावी रेघ खाली वळली आणि डोक्यावर शिरोरेघ आली. झाला आपला "ग". दक्षिणेत छपराची कमान गोल झाली, वर छोटी टोपी बसली. झाला कन्नड "ग". बेळगाव म्हणा नाहीतर २०१४ पासूनचे अधिकृत बेळगावी म्हणा, दोन्ही पाट्यांत तो बसलेला आहे.

"ठ" ब्राह्मीत नुसते वर्तुळ होते. आपल्या "ठ" मध्ये ते अजून आहे, आणि कन्नडमध्येही गोल तसाच, फक्त आत टिंब. आकड्यांचेही तेच. दोन म्हणजे दोन आडव्या रेघा, तीन म्हणजे तीन. लेखणी न उचलता भराभर लिहिल्यावर त्यांचे २ आणि ३ झाले. एसटीच्या पाटीवरचा कन्नड दोन बघितलात तर ओळख पटायला वेळ लागणार नाही.

वळणे वेगळी का झाली? साधारणपणे असे मानतात की दक्षिणेत ताडपत्रावर लोखंडी कंटकाने कोरत. शिरेच्या दिशेने सरळ रेघ ओढली तर पान फाटते, म्हणून अक्षरे गोलावली. उत्तरेत शाई आणि बोरू, त्यामुळे रेघा जाड-बारीक झाल्या आणि डोक्यावरची छोटी रेघ लांबत शिरोरेघ झाली. म्हणजे फरक पडला तो लिहायच्या साधनांनी.

श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी असे तिन्ही भाषांतले लेख आहेत. मराठी ओळ नागरीत आहे, चामुंडराजाने हे करविले असे सांगणारी. ती नेमकी केव्हा कोरली यावर मतभेद आहेत, पण कोरणाऱ्याला तीन भाषा शेजारी-शेजारी ठेवण्यात काही वावगे वाटले नाही, हे दगडावर दिसते.

त्या दगडाचे काय झाले

मुलाला आम्ही एवढेच सांगितले की दगड गावाचा आहे आणि आज त्याला धोका आहे तो रंगाचा. ऑइलपेंटने अक्षरांच्या खाचा बुजतात, खरवडून काढायला गेले तर अक्षरेच जातात. चुना, शेंदूर, सँडब्लास्टिंग, अक्षर उठावे म्हणून खडूने गिरवणे, हे सगळे टाळायला हवे. गिरवताना आपण दिसते ते नव्हे, वाटते ते अक्षर लिहितो.

त्याऐवजी सूर्य कललेला असताना किंवा रात्री बाजूने तिरपा टॉर्च धरून फोटो काढावा. उथळ खाचेतही सावली पडते. दगडाची जागा, लांबी-रुंदी लिहून ठेवावी आणि रंग काढायचे काम जाणकारांवर सोडावे.

आठ दिवसांनी त्या मुलाने रात्री काढलेले फोटो पाठवले. रंगाखालून तिसऱ्या ओळीतली पाच अक्षरे दिसत होती. खाली त्याने लिहिले होते, "काका, दुसरा ग आहे ना?"

होय, ग च होता.