सिटी कौन्सिलचं दार आपल्यालाही उघडं आहे



गणपती आणि दिवाळीच्या कार्यक्रमांना आपण सगळे आवर्जून जमतो. पण आपल्या गावच्या सिटी कौन्सिलच्या किंवा स्कूल बोर्डाच्या मीटिंगला कधी गेला आहात का? मीही गेलो नव्हतो. मग एक दिवस आमच्या भागातल्या मुलांची शाळा बदलल्याचं पत्र आलं. "आम्हाला न विचारता ठरवलंच कसं?" म्हणून सगळे चिडलो. चौकशी केल्यावर कळलं, की विषय अजेंड्यावर होता, लोकांना बोलायला वेळही ठेवला होता. आमच्यापैकी कोणी गेलंच नव्हतं!

आपल्या कॅलिफोर्नियात यासाठी १९५३ सालापासून 'ब्राऊन अ‍ॅक्ट' आहे. स्थानिक मंडळं बंद दाराआड निर्णय घेतात, हे एका वृत्तपत्राच्या लेखमालेने १९५२ मध्ये उघडकीला आणलं आणि आमदार राल्फ ब्राऊन यांनी हा कायदा आणला. त्यातल्या कामाच्या गोष्टी अशा:

• नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा निदान ७२ तास आधी लावावा लागतो, खास मीटिंगचा २४ तास आधी.

• निर्णय होण्याआधी त्या विषयावर लोकांना बोलू द्यावं लागतं.

• बहुसंख्य सभासदांनी बाहेर, अगदी ईमेलवरसुद्धा, परस्पर चर्चा करून ठरवून यायचं नाही.

• कोर्टातले दावे, नोकरभरती, जागेचे व्यवहार अशा मोजक्या विषयांसाठीच बंद बैठक चालते.

• दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला साधारणपणे दुप्पट वेळ मिळतो. म्हणजे आजी-आजोबाही मराठीतून बोलू शकतात!

"आम्ही व्हिसावर, आम्हाला कोण विचारतो?" असं बरेच जण म्हणतात. मतदानाला नागरिकत्व लागतं, मीटिंगला यायला आणि बोलायला लागत नाही. आत येण्यासाठी नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. कागदपत्रं हवी असतील तर १९६८ चा पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट आहे. अर्ज कोणीही करावा, कारण सांगावं लागत नाही. कागद देता येतील की नाही, हे सहसा १० दिवसांत कळवावं लागतं.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. महाराष्ट्राने माहिती अधिकाराचा कायदा २००२ मध्येच केला. देशभराचा कायदा २००५ साली दसऱ्याच्या दिवशी, १२ ऑक्टोबरला, पूर्णपणे लागू झाला. गावाकडच्या घराचे, जमिनीचे कागद अडले असतील तर तो वापरता येतो. मात्र तो फक्त भारतीय नागरिकांना आहे. ओसीआय कार्डावर चालत नाही, तेव्हा तिकडच्या नातेवाइकांकरवी अर्ज करावा लागेल.

दर मीटिंगला जाणं कोणालाच जमणार नाही. पण एका गल्लीतल्या चार घरांनी आळीपाळीने अजेंडा वाचला आणि मुलांच्या शाळेचा विषय दिसला की बाकीच्यांना फोन केला, तरी पुष्कळ झालं. पत्र घरी येतं तोवर निर्णय झालेला असतो, हे आम्ही अनुभवाने शिकलो. तुम्ही त्याआधीच जा!