कुत्र्याने भाकरी सोडली तर?

आमच्या चकलांब्यात कुत्र्यासाठी वेगळा स्वयंपाक कोणी करीत नाही. उरलेली भाकरी, हाडे, एवढेच. मटणाची चव लागली की तो दोन दिवस कोरड्या भाकरीकडे पाहत नाही. उन्हाळ्यातही खाणे कमी होते. त्याची चिंता नको.

परंतु रोज आवडीने खाणारा कुत्रा अचानक तोंड फिरवू लागला, तर समजावे की काही दुखते आहे. जंत, गोचिडांमुळे येणारा ताप, किडका दात अशी कारणे असतात. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे.

पिसाळण्याची सुरुवातही अशीच होऊ शकते. घसा लुळा पडतो, गिळता येत नाही, लाळ गळते. आपल्याला वाटते, हाड अडकले! बंधूंनो, भगिनींनो, अशा वेळी त्याच्या तोंडात हात घालू नका. मुलांना दूर ठेवा. चावा बसला किंवा जखमेला लाळ लागली, तर साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा. चुना, मिरची लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. १८८५ साली पाश्चर यांच्या लसीने ९ वर्षांचा जोसेफ मेइस्टर वाचला. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.