एक कोयता म्हणजे किती माणसं?

धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार. बीड जिल्ह्यातल्या, बालाघाटच्या डोंगरकडेच्या या गावांत दसऱ्यानंतर ‘यंदा ऊसतोडीला किती कोयते गेले?’ असं विचारलं, तर सांगणारा अवजारं मोजत नाही, बिऱ्हाडं मोजतो. इथे एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दहा कोयत्यांची टोळी म्हणजे वीस माणसं. सोबतची लेकरं त्या हिशेबात धरलेलीच नसतात.

कोकणात कोयता कमरेच्या आकडीला लटकतो, शहाळं फोडतो. पुण्याच्या वर्तमानपत्रांत तो गेली काही वर्षं ‘कोयता गँग’ म्हणून गुन्ह्यांच्या बातम्यांत येतो. बीडमध्ये त्याच शब्दाखाली माणसं आली. एकटी विधवा किंवा सोबत नसलेला गडी म्हणजे ‘अर्धा कोयता’. मजुरीचा दर वाढावा म्हणून संप केला, तर तो ‘कोयता बंद’. मजुरांची टोळी नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो तीही कोयत्यामागे. इंग्रजीतून आलेले शब्दही फडावर, म्हणजे तोडीच्या उसात, असेच रुळले. स्वतःच्या बैलगाडीने ऊस वाहणारे ‘गाडी सेंटर’चे, कारखान्याच्या टायरगाडीवर काम करणारे ‘टायर सेंटर’चे आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रक भरणारे ‘डोकी सेंटर’चे.

प्रवरानगरला 1950 साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यामागोमाग पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले. ऊस तिकडे, कोरडवाहू रान इकडे. 1972च्या दुष्काळाने इकडून तिकडे ऊसतोडीला जाण्याची वाट आणखी रुंद केली.

जोडीनेच का? ऊस तोडणं, पाचट काढणं, मोळी बांधणं, ती फळीवरून ट्रकमध्ये चढवणं, हे सगळं दोघांनी मिळून केलं तरच दिवसाचं टनेज भरतं. बाई त्याआधी पहाटे उठून पाणी आणते, भाकरी थापते. दोघांपैकी एक आजारी पडलं की खाडा, आणि त्याचे पैसे उचलीच्या हिशेबात कापले जातात. ती उचल मात्र बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडलेली असते. दोघांच्या कष्टाला एकच शब्द पडला आणि बाईची मजुरी त्यात बुडाली, असं मला वाटतं. तिची मजुरी वेगळी मोजलीच गेली नाही, तर ती मागणार कशी?

या शब्दाने लग्नंही लवकर लावली. मुलगा कामाचा झाला की कोयता पुरा करायला सून हवी. सहा महिने आईबाप फडावर, म्हणून वयात आलेली लेक मागे ठेवायची भीती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीडमधल्या 20 ते 24 वर्षांच्या स्त्रियांपैकी शंभरात चाळीसहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं.

आणि असाच दुसरा शब्द, ‘पिशवी’. गर्भाशयाला बायका हाच शब्द वापरतात. ‘पिशवी काढली’ हे वाक्य या गावांत ताप येऊन गेल्यासारखं सहज बोललं जातं. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी आली. त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे दर सहांतल्या एकीची. फडाशेजारच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, न्हाणी नाही, पाळीत विसावा नाही, खाड्याची धास्ती, वर कर्करोगाची भीती घालणारे डॉक्टर.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झालं. त्याच्या नोंदीत प्रत्येक बाई स्वतःच्या नावाने यावी आणि तिच्या मजुरीचा हिशेब तिच्या खात्यावर व्हावा, एवढं तरी व्हायलाच हवं.

खंडेनवमीला घरोघरी हे कोयते धुऊन, हळदकुंकू लावून पूजले जातात. मग ट्रक लागतात. हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या फडाशेजारी कोप्या उभ्या राहिल्या असतील, आणि दिवाळीची पहिली आंघोळ पहाटे उसात जाण्याआधी, साडीच्या आडोशाला उरकली जात असेल.