असुरक्षित वरिष्ठ आणि कार्यालयीन राजकारण : पेण व रोह्याच्या संदर्भात

पेणच्या गणेशमूर्ती कारखान्यात डोळ्यांची आखणी शिकाऊ कारागीर पाहून शिकतो. रोह्याजवळील धाटाव औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यात मात्र यंत्रातील तापमान, दाब व बिघाड पाळी बदलताना सांगावाच लागतो. आपल्यापेक्षा अधिक शिकलेला कनिष्ठ सहकारी आपले स्थान घेईल, या भीतीने एखादा वरिष्ठ अशी माहिती राखून ठेवतो. गटबाजी व श्रेय लाटणे ही त्याच भीतीची अन्य रूपे होत. कचेरीत यामुळे बढती हुकते. रासायनिक कारखान्यात जीव धोक्यात येतो.

भोपाळ दुर्घटनेनंतर (१९८४) कारखाने अधिनियमात १९८७ साली दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना देणे बंधनकारक झाले. तथापि कायद्याने मनातील भीती जात नाही. म्हणून कनिष्ठाने मतभेद एकांतात मांडावेत, वरिष्ठाच्या अनुभवाचा जाहीर आदर करावा आणि प्रत्येक सूचना नोंदवहीत लिहावी. सुरक्षिततेचा प्रश्न असल्यास मात्र संकोच न बाळगता तो सुरक्षा समितीपुढे न्यावा. व्यवस्थापनानेही कनिष्ठांना घडविणे हा वरिष्ठाच्या मूल्यमापनाचा निकष ठरवावा; शिकविल्याने स्थान बळकट होते असे दिसल्यास माहिती दडविण्याचे कारणच उरत नाही.